कच्चा लिंबू नको, पक्का गडी

दिवाळीची सुट्टी संपली की आपल्या छत्रपती संभाजीनगरातल्या शाळांमध्ये एक वेगळीच गडबड सुरू होते. गॅदरिंगची तालीम, क्रीडा सप्ताहाच्या याद्या, मैदानावर फक्कीनं आखलेल्या रेघा. घरोघरी पांढरे बूट शोधले जातात. आदल्या वर्षीचे बूट पायात जात नाहीत म्हणून लेकरं रुसतात. याच दिवसांत ३ डिसेंबरला जागतिक दिव्यांग दिनही येतो. शाळेतून फेरी निघते, घोषणा होतात, पाहुण्यांची भाषणं होतात. आणि दोनच आठवड्यांनी, त्याच शाळेच्या क्रीडा सप्ताहात, पायात कॅलिपर घालणारा एखादा मुलगा वर्गात बसून सगळ्यांची दप्तरं सांभाळत असतो.

आज आम्ही बोलणार आहोत ते या दप्तरं सांभाळणाऱ्या लेकरांविषयी. आमच्या गटात आया आहेत, शिक्षिका आहेत, फिजिओथेरपी करणारी एक ताई आहे. काहींच्या घरात दिव्यांग मूल आहे, काहींच्या नाही. पण मैदानावर काय चालतं ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं आहे, आणि तुम्हीही पाहिलं असेल.

साधारण तीन गोष्टी घडतात. पहिली, आदल्या दिवशी वर्गशिक्षिकेचा निरोप येतो, "ताई, उद्या स्पोर्ट्स आहेत, खूप गर्दी असते. त्याला नाही पाठवलं तरी चालेल." बोलण्यात काळजी असते, रागवावं तरी कसं? पण ‘नाही पाठवलं तरी चालेल’ हे वाक्य त्या मुलानं ऐकलेलं असतं. दुसरी गोष्ट, मूल जातं, पण त्याला काम दिलं जातं. पाण्याच्या बाटल्या बघ, गुण लिही, शिट्टी आणून दे. आणि तिसरी गोष्ट वरवर फार गोड दिसते. सगळ्या शर्यती संपल्यावर त्याला एकट्याला पळवतात, सगळे टाळ्या वाजवतात, आणि त्याच्या हातात ‘उत्तेजनार्थ’ बक्षीस देतात. फोटो निघतो. समोर स्पर्धकच नव्हता, मग बक्षीस कशाचं, हा प्रश्न त्या दहा वर्षांच्या मुलाला पडतो. मोठ्यांना पडत नाही.

मैत्रिणींनो, आपल्या मराठी मुलांनी याच्यावर एक उपाय फार पूर्वीच शोधलेला आहे. आठवतं का? गल्लीत लपाछपी नाहीतर पकडापकडी चालली असायची आणि कोणाचं तरी धाकटं भावंडं मागं लागायचं. मग ठरायचं, हा कच्चा लिंबू. म्हणजे खेळात तो असेल, पळेल, ओरडेल, पण त्याच्यावर राज्य यायचं नाही आणि तो आउट व्हायचा नाही. किती शहाणपणाची सोय होती ती. कोणाला घरी पाठवायचं नाही आणि खेळही मोडायचा नाही.

पण कच्चा लिंबू ही सोय वर्षा-दोन वर्षांची असते. धाकटं भावंडं मोठं होतं आणि एक दिवस पाय आपटून सांगतं, मी आता कच्चा लिंबू नाही, माझ्यावर पण राज्य येऊ द्या. त्या दिवशी ते खऱ्या अर्थानं गडी होतं. दिव्यांग मुलाच्या वाट्याला मात्र हा दिवस येतच नाही. ते पाचवीत कच्चा लिंबू, आठवीत कच्चा लिंबू आणि दहावीतही कच्चा लिंबू. त्याला कोणी हरवत नाही, म्हणून ते कधी जिंकतही नाही. आमचं आजचं म्हणणं एवढंच आहे. आपल्या लेकरांना आउट होण्याचाही हक्क हवा.

हक्क हा शब्द आम्ही सांभाळून वापरतो आहोत. ही मेहरबानीची गोष्ट नाही. आपल्या देशात दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे. त्यात एकवीस प्रकारची दिव्यांगत्वं धरली आहेत. अंधत्व आणि बहिरेपणा आहेच, पण स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, अध्ययन अक्षमता, थॅलेसेमिया, सिकलसेल हेही आहे. या कायद्याचं सोळावं कलम शाळांविषयी आहे. सरकारी अनुदान किंवा सरकारी मान्यता असलेल्या शाळांनी दिव्यांग मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा, आणि शिक्षणाच्या तसंच खेळाच्या नि करमणुकीच्या संधी इतरांच्या बरोबरीनं द्याव्यात, असं ते सांगतं. लक्षात घ्या, खेळ हा शब्द शिक्षणाच्या शेजारीच लिहिलेला आहे. तिसाव्या कलमात तर पूर्ण खेळाचाच विचार आहे. क्रीडा संस्थांनी दिव्यांगांचा खेळण्याचा हक्क मान्य करावा, मैदानं आणि सोयी त्यांना वापरता येतील अशा कराव्यात, त्यांच्यासाठी स्पर्धा भरवाव्यात, हे सगळं तिथं आहे. त्याच्याही आधी, २००७ साली, आपल्या देशानं संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्क करार मान्य केला. त्याच्या तिसाव्या कलमात शाळेतल्या खेळांचा वेगळा उल्लेख आहे.

याच कायद्यात ‘वाजवी सोय’ अशी एक कल्पना आहे. समोरच्यावर न झेपणारा भार न टाकता, त्या व्यक्तीला इतरांच्या बरोबरीनं भाग घेता यावा म्हणून केलेला आवश्यक तो बदल, असा तिचा अर्थ. मैदानावर ही वाजवी सोय कशी दिसते? इथंच आपल्याकडं सगळी अडचण येते. पी.टी.चे सर विचारतात, "ताई, तुमच्या मुलासाठी नियम बदलला तर बाकीच्या मुलांवर अन्याय नाही का होणार?" प्रश्न रास्त आहे. त्याला उडवून लावू नये, नीट उत्तर द्यावं.

या प्रश्नाचं एक चांगलं उत्तर अमेरिकेच्या शिक्षण खात्यानं जानेवारी २०१३ मध्ये तिथल्या शाळांना लिहिलेल्या पत्रात सापडतं. त्यात दोन उदाहरणं आहेत. पहिलं, ऐकू न येणाऱ्या एका धावपटूचं. शर्यत पिस्तुलाच्या आवाजावर सुटते. त्याला आवाज ऐकूच येत नाही, म्हणून तो मागं राहतो. उपाय काय? आवाजाबरोबरच दिवा लावायचा, डोळ्यांना दिसेल अशी खूण करायची. अंतर तेवढंच, पळणारे तेच, नियमही तेच. कोणाचं काय गेलं? आपल्या शाळेत पिस्तूल नसतं, शिट्टी असते. शिट्टी वाजवतानाच सरांनी हातातला लाल रुमाल खाली टाकला की झालं. खर्च शून्य.

दुसरं उदाहरण एका हाताशिवाय जन्मलेल्या, पोहणाऱ्या मुलीचं. काही पोहण्याच्या प्रकारांत भिंतीला दोन्ही हात लावल्याशिवाय शर्यत पूर्ण धरत नाहीत. तिला दुसरा हातच नाही. मग एका हाताचा स्पर्श मान्य करायचा का? पत्र सांगतं, आधी तपासा की त्यामुळं खेळाचा गाभा बदलतो का आणि तिला इतरांपेक्षा जास्तीचा फायदा मिळतो का. दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तर ती सोय द्यायलाच हवी. आणि हेच पत्र आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतं. दिव्यांग आहे म्हणून संघात जागा राखून ठेवा, असं कोणी म्हणत नाही. निवड कौशल्यावरच करा. फक्त निवडीच्या मैदानापर्यंत त्याला येऊ द्या.

बघा, किती सोपी कसोटी आहे. खेळाचा गाभा कोणता आणि सवय कोणती, एवढंच विचारायचं. बुद्धिबळाचा गाभा डोक्यात आहे. मग दृष्टिहीन मुलाला हातानं चाचपता येतील अशा खुंट्यांच्या सोंगट्या दिल्या तर बुद्धिबळ काही बदलत नाही. कॅरममध्ये व्हीलचेअरवरच्या मुलीला स्टँडची उंची सोयीची करून दिली तर सोंगटी काही आपोआप भोकात जात नाही. गोळाफेकीत दोन मिनिटं जास्त थांबलं तर गोळा लांब पडत नाही.

अमेरिकेतलीच आणखी एक हकीकत सांगायला हवी, कारण ती एका शाळकरी मुलीची आहे. टटियाना मॅकफॅडन जन्मतः कमरेखाली अधू होती. रशियातल्या अनाथालयातून तिला एका अमेरिकी आईनं दत्तक घेतलं. मेरीलँड राज्यातल्या तिच्या शाळेत तिला व्हीलचेअरच्या शर्यतीत उतरू दिलं, पण वेगळं, एकटीला, रिकाम्या ट्रॅकवर. आपल्याकडच्या ‘उत्तेजनार्थ’सारखंच. ती न्यायालयात गेली. मागणी एवढीच होती की इतर मुली पळतात त्याच वेळी मलाही ट्रॅकवर असू द्या. २००६ साली न्यायालयानं तिच्या बाजूनं आदेश दिला, आणि २००८ मध्ये मेरीलँडनं दिव्यांग विद्यार्थ्यांना खेळात समान संधी देणारा कायदाच केला. ती पुढं पॅरालिम्पिकची मोठी विजेती झाली, ते नंतरचं. आधी तिनं एकटीनं पळायला नकार दिला, ते आमच्या मते जास्त मोठं आहे.

आता काही खेळ असे असतात की तिथं दिव्यांग मूल आणि इतर मुलं एकाच शर्यतीत उतरली तर सामना बरोबरीचा होत नाही. तिथं वेगळे गट लागतात, आणि ते फार विचारानं केलेले असतात. व्हीलचेअर बास्केटबॉलमध्ये प्रत्येक खेळाडूला त्याच्या हालचालीच्या क्षमतेप्रमाणं एक ते साडेचार गुण दिलेले असतात, आणि मैदानावरच्या पाच जणांची बेरीज चौदाच्या वर जाऊ द्यायची नाही. म्हणजे ज्याची हालचाल सगळ्यात कमी त्याच्याशिवाय संघच जमत नाही. दृष्टिहीनांच्या क्रिकेटमध्ये चेंडूच्या आत छर्रे असतात, तो खुळखुळतो. चेंडू खालून सरपटत टाकतात. अकरांपैकी किमान चार खेळाडू पूर्ण दृष्टिहीन लागतात आणि त्यांनी काढलेली धाव दुप्पट मोजतात. कोणालाही कच्चा लिंबू न करता सगळ्यांना खेळात घ्यायची ही रीत आहे. याच क्रिकेटचा महिलांचा पहिला टी-ट्वेंटी विश्वचषक नोव्हेंबर २०२५ मध्ये झाला आणि आपल्या मुलींनी कोलंबोतल्या अंतिम सामन्यात नेपाळला हरवून तो जिंकला.

गटांमध्ये प्रामाणिकपणा लागतो, हेही सांगायला हवं. २००० साली सिडनीच्या पॅरालिम्पिकमध्ये बौद्धिक दिव्यांगांच्या बास्केटबॉलचं सुवर्ण स्पेनच्या संघानं जिंकलं. नंतर उघड झालं की त्यातले बारापैकी दहा खेळाडू दिव्यांग नव्हतेच. लबाडी त्यांनी केली, शिक्षा कोणाला? जगभरच्या बौद्धिक दिव्यांग खेळाडूंसाठी पॅरालिम्पिकचे दरवाजे २०१२ च्या लंडनपर्यंत बंद राहिले. म्हणून कोणी म्हणालं की "प्रमाणपत्रावर टक्के वाढवून आणा, गट सोपा मिळेल," तर मैत्रिणींनो, हात जोडून नाही म्हणा. ते दुसऱ्या आईच्या लेकराच्या ताटातलं असतं.

आता कोणी म्हणेल, आपल्या भागातून कोण कुठं पोचलंय? पोचलेत. भारताचं पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्णपदक एका मराठी माणसाचं आहे. मुरलीकांत पेटकर, सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे. फौजेत होते, मुष्टियुद्ध खेळायचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचा भाग निकामी झाला. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला त्यांनी पन्नास मीटर पोहण्यात जागतिक विक्रमासह सुवर्ण जिंकलं. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. मधली वर्षं मोजा, शेहेचाळीस. पदक आणायला वेळ लागला नाही, आपल्याला ते दिसायला लागला.

सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्याचा सुयश जाधव शाळकरी वयात विजेच्या धक्क्यानं दोन्ही हात कोपराखाली गमावून बसला. तो पोहत राहिला, रिओ आणि टोकियो अशी दोन पॅरालिम्पिक खेळला, २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. सांगलीच्या आटपाडी तालुक्यातला सचिन खिलारी लहानपणी सायकलवरून पडला आणि डावा हात कायमचा अधू झाला. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये त्यानं १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्य मिळवलं. सुवर्णपदक फक्त सहा सेंटिमीटरनं हुकलं. आणि आपल्या मराठवाड्याची, नांदेड जिल्ह्याची भाग्यश्री जाधव. बसून गोळा फेकणाऱ्या गटात ती खेळते. टोकियोत सातवी आली, पॅरिसमध्ये पाचवी. पदक नाही मिळालं, पण पॅरिसच्या उद्घाटनात सुमित अंतिलबरोबर भारताचा तिरंगा तिच्या हातात होता. त्या स्पर्धेत आपल्या देशानं एकोणतीस पदकं जिंकली, सात सुवर्ण, नऊ रौप्य, तेरा कांस्य.

ही नावं घेतली की टाळ्या पडतात. पण थोडं थांबू या. प्रत्येक दिव्यांग मुलानं पॅरालिम्पिक गाठावं, अशी अपेक्षा हाही एक अन्यायच आहे. बाकीच्या मुलांना आपण म्हणतो का, की तेंडुलकर होणार असशील तरच बॅट हातात घे? शेजारचा बंटी दहा धावांत आउट होतो, तरी रोज संध्याकाळी खेळायला जातोच ना? आपल्या लेकरालाही तेच मिळायला हवं. साधं, सुमार, मजेचं खेळणं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० मध्ये सांगितलं की पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी साठ मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी, आणि हीच शिफारस दिव्यांग मुलांसाठीही केली. हाडं, स्नायू, झोप, पोट, मन, सगळ्याला ती लागते. उलट ज्या मुलाचा दिवस बसून जातो त्याला ती जास्तच लागते. पी.टी.च्या तासाला त्याला वर्गात बसवणं म्हणजे औषधाचा एक डोस रोज गटारात ओतणं.

मुलींबद्दल वेगळं बोलायलाच हवं. दिव्यांग मुलीच्या वाट्याला दोन कुंपणं येतात. आधी मुलगी म्हणून, मग दिव्यांग म्हणून. वयात आली की घरातूनच ‘आता पुरे’ होतं. त्यामागं आईची भीती असते, आणि ती खोटी नाही. मैदानावर स्वच्छतागृह आहे का, त्यात व्हीलचेअर जाते का, पाळीच्या दिवसांत कपडे बदलायला कोण मदत करणार, स्पर्धेला बाहेरगावी नेलं तर सोबत बाई शिक्षिका असेल का? हे प्रश्न आईनं विचारायचेच. शिकवताना हाताला धरावं लागतं, कंबरेला आधार द्यावा लागतो. कोणता स्पर्श शिकवण्याचा आणि कोणता नाही, हे मुलीला तिच्या भाषेत, चित्रांनी, खुणांनी समजावून सांगा. बोलता न येणाऱ्या मुलीला ‘नको’ची खूण पक्की शिकवा. काही वावगं वाटलं तर मुलांची मदतवाहिनी १०९८ आहे. पण भीती आहे म्हणून मुलीला घरात बसवणं हे उत्तर नाही. मैदान सुरक्षित करून मागणं हे उत्तर आहे.

आता तब्येतीचं. हक्क म्हणजे डोळे मिटून उडी नव्हे. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेच्या वरच्या मणक्यांचा सांधा सैल असतो. त्यांना कोलांटउडी, डोक्यावर उभं राहणं, सूर मारणं यांच्या आधी डॉक्टरांचा सल्ला हवाच. फिट्स येणाऱ्या मुलाला पाण्यात एकटं सोडायचं नाही, पूर्ण वेळ एक जण त्याच्यावरच नजर ठेवून हवा. स्वमग्न मुलाला लाउडस्पीकरचा आवाज सहन होत नसेल तर त्याची शर्यत सकाळी पहिली घ्या, ढोल-ताशा नंतर वाजवा. पायात संवेदना नसलेल्या मुलाच्या तळव्याला फोड आला तरी त्याला कळत नाही, म्हणून घरी आल्यावर बूट-मोजे काढून रोज तळवे बघा. ही काळजी खेळ थांबवण्यासाठी नाही, खेळ चालू राहावा म्हणून आहे. "डॉक्टरांचं पत्र आणा, मग बघू" असं शाळा म्हणाली तर डॉक्टरांना विचारायचा प्रश्नही बदला. ‘हा खेळू शकतो का’ असं विचारू नका. ‘हा काय काय खेळू शकतो आणि कोणती काळजी घ्यायची’ असं विचारा, आणि तसंच लिहून मागा.

मग या आठवड्यात काय करायचं? कामाचं सांगतो.

एक, क्रीडा सप्ताहाची यादी लागण्याआधी शाळेत जा. यादी लागल्यावर गेलं की "आता फार उशीर झाला" हे उत्तर तयार असतं. एकटी जाऊ नका, दुसऱ्या एखाद्या आईला सोबत घ्या. तिचं मूल दिव्यांग नसेल तर फारच उत्तम.

दोन, भांडायला नाही, ठरवायला आलोय असं सांगा. "सर, माझी मुलगी कोणत्या खेळात असेल, आणि त्यासाठी काय बदल लागेल, ते आपण मिळून ठरवू या." पी.टी.च्या सरांकडं शेकडो मुलं असतात आणि दिव्यांग मुलांना खेळवायचं प्रशिक्षण त्यांतल्या अनेकांना कधी मिळालेलं नसतं. त्यांना आपल्या लेकराची माहिती आपल्याइतकी कोण देणार? ती एका कागदावर लिहून न्या. काय जमतं, काय दुखतं, दमल्यावर कशी दिसते, चिडली तर काय करायचं.

तीन, तोंडी बोलणं झाल्यावर मुख्याध्यापकांना साधा अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात एवढंच पुरे, "दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६, कलम १६ प्रमाणे माझ्या पाल्याला खेळात इतरांच्या बरोबरीनं संधी मिळावी व त्यासाठी पुढील सोय करावी, ही विनंती." समग्र शिक्षा अभियानात समावेशित शिक्षणासाठी विशेष शिक्षक असतात, ते तुमच्या शाळेला कधी भेट देतात ते विचारा. तरीही काही हललं नाही तर पुण्याला राज्याचे दिव्यांग आयुक्त आहेत, तिथं तक्रार करता येते. पण बहुतेक वेळा पोच घेतलेला अर्जच काम करतो.

चार, यूडीआयडी कार्ड काढलं नसेल तर काढा. घाटीत किंवा जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. चाळीस टक्क्यांची अट अनेक सवलतींना असते, पण शाळेच्या मैदानावर खेळायला कोणत्याही टक्क्यांची अट नाही, हे लक्षात ठेवा.

पाच, मूल पुढं जाऊ शकेल असं वाटलं तर गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलात जाऊन विचारा, की इथं दिव्यांग मुलांच्या सरावासाठी कोणती वेळ आहे आणि कोण प्रशिक्षक आहेत. वेळ नसेल तर ती मागा. एका आईनं मागितलं तर चौकशी होते, दहा जणींनी मागितलं तर वेळापत्रक होतं. देशपातळीवर खेलो इंडिया पॅरा गेम्स पहिल्यांदा डिसेंबर २०२३ मध्ये दिल्लीत झाले आणि पुन्हा मार्च २०२५ मध्ये. म्हणजे वरचा जिना बांधला जातो आहे. आपल्याला खालची पहिली पायरी हवी आहे, ती शाळेच्या मैदानात आहे.

आणि ज्यांच्या घरी दिव्यांग मूल नाही, त्या मैत्रिणींना आमची खास विनंती. हे काम तुमचंही आहे. तुमच्या मुलाच्या वाढदिवसाला सोसायटीतली सगळी मुलं बोलावता, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरची ती न बोलणारी मुलगी यादीत असते का? स्पेशल ऑलिंपिक्स ही बौद्धिक दिव्यांगांच्या खेळांची चळवळ १९६८ मध्ये शिकागोला सुरू झाली. तिच्यात एक पद्धत आहे, दिव्यांग आणि इतर मुलं एकाच संघात मिळून खेळतात. आपल्या सोसायटीत, कॉलनीतल्या बागेत हे करायला कोणाची परवानगी लागत नाही. बोलताना एका शब्दाकडं मात्र लक्ष द्या. लंगडी हा आपला किती छान खेळ, पण तोच शब्द एखाद्या मुलीच्या पाठीवर फेकला की दगड होतो. खेळाचं नाव खेळापुरतं राहू द्या, आणि मुलीला तिच्या नावानं हाक मारा.

लेकरं हे मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात. नियम जमवून घेणं हा त्यांच्या खेळाचाच भाग असतो. तू व्हीलचेअरवर आहेस ना, मग तुला पकडायला आम्ही लंगडी घालत येणार, असं एखाद्या गल्लीत ठरूनही गेलेलं असतं. आपण फक्त मध्ये "अरे त्याला नको, त्याला लागेल" असं ओरडायचं नाही. थोडं लागेल. गुडघा फुटेल. हळद लावू. हरलं तर रडेल, मग पुन्हा उद्या खेळायला जाईल. इतर मुलांचं बालपण असंच तर गेलं.

येत्या क्रीडा सप्ताहात तुमच्या शाळेच्या मैदानावर जाल तेव्हा फक्त विजेत्यांच्या रांगेकडं बघू नका. दप्तरांच्या ढिगाशेजारी कोणी बसलंय का, तेही बघा. बसलं असेल तर सरांना जाऊन विचारा, "हा कोणत्या खेळात आहे?" एवढा एक प्रश्न. तो दहा आयांनी विचारला, तर पुढच्या वर्षी दप्तरं सांभाळायला शिपाईमामा असतील आणि ते लेकरू मैदानात.